मजुरी वाढेल, किळस कशी जाईल?

[धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त भरलेल्या सभेत नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर]



आजच्या सभेत मी नुकसानभरपाईच्या कायद्यावर बोलावे अशी चालकांची इच्छा होती. त्याविषयी शेवटी चार शब्द बोलणारच आहे. परंतु तत्पूर्वी एका पुस्तकाची हकीकत आपल्यापुढे ठेवावी असे माझ्या मनात आहे. पुस्तक एका इंग्रज लेखकाचे आहे. ते इंग्लंडातील कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांविषयी असून १९३७ साली प्रसिद्ध झाले. आपल्यापैकी कित्येकांनी अगदी अलीकडे बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. त्यांना वाटेल की, आमचा आणि इंग्रज खाणमजुराचा संबंध तो काय? संबंध आहे, आणि तो जेथे आहे असे प्रथमदर्शनी वाटते तेथे नाही. म्हणून थोडा धीर धरून ऐकावे, एवढीच विनंती.

पुस्तकाचे नाव ‘द रोड टू विगन पिअर’. लेखक जॉर्ज ऑर्वेल. हे त्याचे टोपणनाव होय. खरे नाव एरिक ब्लेअर. हा गृहस्थ जन्मला आपल्याच देशात, बिहारमधील मोतीहारी येथे, १९०३ साली. बाप ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकर. मुलगा लहानपणीच इंग्लंडास गेला, ईटन येथील उच्चभ्रूंच्या शाळेत शिकला, आणि १९२२ साली ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून दाखल झाला. पाच वर्षे त्याने तेथे साम्राज्याची लाठी हाती धरली. १९२७ साली रजेवर घरी आला आणि त्याने राजीनामा दिला. आपण एका जुलमी यंत्राचा भाग होतो, ही बोच त्याच्या मनातून जाईना. तिचे परिमार्जन करावयाचे म्हणून तो भटक्यांत, भिकाऱ्यांत, फुकटच्या निवाऱ्यांत राहू लागला. पोलीस अधिकारी पुष्कळ होऊन गेले. पण अशी बोच लागलेला अधिकारी विरळा.

१९३६ च्या जानेवारी अखेरीस तो उत्तर इंग्लंडच्या औद्योगिक भागात गेला आणि मार्चअखेर तेथेच राहिला. विगन, बार्न्सले, शेफील्ड ही त्याची प्रमुख ठिकाणे. बेकारीचा काळ होता. विगनमध्ये तो एका वजडीच्या दुकानावरील खोलीत भाडेकरू म्हणून राहिला. वजडी म्हणजे काय, हे ह्या सभेत कोणास समजावून सांगावे लागणार नाही, आणि ती खाल्ली म्हणून मला त्या लोकांची कीव येत नाही. परंतु एका खोलीत दाटीने लावलेले पलंग, खालची घाण, आणि न्याहारीच्या टेबलाखाली ठेवलेले मूत्रपात्र, ह्यांचे त्याने जे वर्णन केले आहे ते वाचताना मुंबईतील कामगारांच्या खोल्या पाहिलेल्या माणसासही अंगावर काटा येतो. ‘पिअर’ म्हणजे धक्का. विगन हे गाव समुद्रापासून दूर आहे. कालव्याच्या काठी कोळशाच्या ढकलगाड्या रिकाम्या करण्याची एक जागा होती, तिलाच लोक थट्टेने ‘पिअर’ म्हणत. ऑर्वेल तो धक्का शोधीत गेला तेव्हा तोही मोडून टाकलेला होता.

पुस्तकाचा पहिला भाग चौकशीचा आहे, आणि एक वकील म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. हा लेखक कळवळून बोलण्याआधी मोजतो.

तो खाणीत उतरला. लोखंडी पिंजऱ्यातून खाली जाणे हे सोपे काम. खरे कष्ट त्यानंतर. पिंजरा जेथे थांबतो तेथून कोळशाच्या थरापर्यंत एक मैल, काही ठिकाणी तीन मैल, चालत जावे लागे. छत ठिकठिकाणी चार फुटांहून कमी उंचीचे. सहा फुटांहून उंच असा हा लेखक वाकून, गुडघे मोडून, अधूनमधून रांगत गेला, आणि परत आल्यावर कित्येक दिवस त्याचे पाय धड चालेनात. मजूर मात्र हे रोज करीत. कागदावर पाळी साडेसात तासांची. परंतु ह्या वाकून चालण्याचा मोबदला कोणी देत नसे. कोळशाच्या थरापाशी जे काम होईल तेवढ्याचाच दाम. ही वाटचाल कामाच्या तासांत का धरू नये, हा प्रश्न मालकांना कधी पडला नाही, आणि जे लोक शेकोटीपाशी बसून तो कोळसा जाळीत त्यांनाही पडला नाही.

मग मजुरी. १९३४ साली ब्रिटनमधील सर्व खाणकामगारांची सरासरी वार्षिक कमाई ११५ पौंड ११ शिलिंग ६ पेन्स होती; म्हणजे आठवड्याला सव्वादोन पौंडांहून किंचित कमी. परंतु त्यातून कपात होई. ऑर्वेलने एका मजुराच्या पगाराच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि कपातीची रक्कम बाबवार मांडली: विमा, दिव्याचे भाडे, हत्यारांना धार लावण्याचा खर्च, वजन तपासणाऱ्याचा पगार, दवाखाना, इस्पितळ, मदत निधी, संघाची वर्गणी. एकूण आठवड्याला ४ शिलिंग ५ पेन्स. त्यातील दिव्याचे भाडे ध्यानात ठेवा. खाणीत दिव्यावाचून काम अशक्य; दिवा कंपनीचा; आणि त्याचे भाडे आठवड्याला सहा पेन्स. एका वर्षाच्या भाड्यात तो दिवा कित्येकदा विकत घेता आला असता. आपल्याकडील ठेकेदार झाडू, हातमोजे आणि गणवेश ह्यांचे पैसे सफाई कामगाराच्या पगारातून कापतो. ही युक्ती त्याने शोधून काढलेली नाही, हे ह्यावरून दिसेल.

त्या काळी दरवर्षी सुमारे नऊशे खाणमजुरांमागे एक ठार होई आणि सहांमागे एक जखमी होई. कोणी मेला की इतर मजूर त्याच्या विधवेसाठी प्रत्येकी एक शिलिंग देत आणि ती रक्कम कंपनीच पगारातून वळती करी. पगाराच्या चिठ्ठीवर त्यासाठी एक रबरी शिक्का मारलेला असे: ‘मृत्यू-कपात’. बंधूंनो, ज्या गोष्टीसाठी शिक्का बनवून घ्यावा लागतो ती गोष्ट किती वेळा घडत असेल, ह्याचा विचार करा.

आणखी एक मजूर त्याला भेटला. खाणकामाने त्याला डोळ्यांचा विकार जडला होता आणि आठवड्याला २९ शिलिंग भरपाई मिळत होती. ती १४ शिलिंगांवर आणण्याची भाषा चालू होती. ही भरपाई म्हणजे भीक नव्हती. कायद्याने तिच्यावर त्याचा हक्क होता. तरी दर आठवड्याला कंपनी सांगेल त्या वेळी खाणीवर जावयाचे, थंड वाऱ्यात तासन् तास उभे राहावयाचे, आणि पैसे देणाऱ्यास नम्रपणे अभिवादन करावयाचे. ऑर्वेल म्हणतो की, आपणासारख्या मध्यमवर्गीयास असे कोणी ताटकळत ठेवीत नाही. आपले पैसे आपल्याला सभ्यपणे मिळतील, हे तो गृहीतच धरून चालतो. कामगाराचे तसे नाही. त्याच्या बाबतीत गोष्टी केल्या जातात. तो स्वतः त्या करीत नाही. मी वीस वर्षे न्यायालयाच्या व्हरांड्यात उभा आहे, आणि गरिबीची ह्याहून नेमकी व्याख्या मला कोठे आढळलेली नाही.

बेकारभत्त्याचे प्रकरण मी थोडक्यात सांगतो. भत्ता देण्यापूर्वी घरातील सर्वांच्या मिळकतीची झडती होई. म्हातारा बाप मुलाकडे राहिला की त्याची पेन्शन घरची मिळकत म्हणून धरली जाई आणि मुलाचा भत्ता कापला जाई. परिणामी बापाने परक्याच्या घरी भाड्याने खोली घ्यावी. शेजारी शेजाऱ्याविरुद्ध चुगल्या करीत. कायदा कुटुंब कसे मोडतो, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता ह्या भागातील एकाच दृश्याकडे आपले लक्ष वेधतो. लेखक आगगाडीतून चालला होता. रुळांलगत गलिच्छ घरांच्या रांगा. एका घराच्या मागे कडाक्याच्या थंडीत एक तरुण स्त्री दगडांवर गुडघे टेकून, तुंबलेल्या सांडपाण्याच्या नळात काठी खुपसून तो मोकळा करीत होती. तिने मान वर केली आणि क्षणभर दोघांची दृष्टादृष्ट झाली. ऑर्वेल लिहितो की, त्यांना त्याची सवय असते, आपल्याला वाटते तसे त्यांना वाटत नाही, हा जो आपला समज आहे तो किती खोटा आहे हे मला त्या चेहऱ्यावर दिसले. आपले काय होत आहे ते ती पूर्णपणे जाणत होती.

‘त्यांना सवय असते.’ भगिनींनो, हे वाक्य आपल्या आजीने ऐकले, आईने ऐकले. मेलेले गुरू ओढणाऱ्यास सवय असते. डोक्यावरून मैला वाहणारीस सवय असते. हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या मनाला फार स्वस्थता देते.

येथवर पुस्तक संपले असते तर ते एक उत्तम अहवाल ठरले असते आणि आज मी त्याविषयी बोललो नसतो. दुसऱ्या भागात ऑर्वेल स्वतःची झडती घेतो. तो विचारतो: इतके दैन्य डोळ्यांपुढे असता आणि त्यावर समाजवाद हा उपाय समोर असता, लोक समाजवादाकडे का येत नाहीत? माझ्यासारखा मध्यमवर्गीय मनुष्य कामगारास बंधू का मानू शकत नाही? त्याचे उत्तर असे की, ह्याचे मूळ पैशात नाही, नाकात आहे. आमच्या वर्गातील मुलांना लहानपणापासून एक गोष्ट शिकवली जाते, ती म्हणजे खालच्या वर्गाच्या लोकांच्या अंगाला वास येतो. मतभेद मिटवता येतो, द्वेषही शमवता येतो. पण शरीराची किळस एकदा बिंबली की बुद्धीचे काही चालत नाही.

तो स्वतःच्याच आठवणी साक्षीस काढतो. लहानपणी तो शेजारच्या नळ-कारागिराच्या मुलांबरोबर खेळे. ती मुले हलकी म्हणून घरच्यांनी ते बंद केले. तेरा-एक वर्षांचा असताना तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून प्रवास करताना कामकरी लोकांत बिअरची एक बाटली हातोहात फिरू लागली. प्रत्येक जण तोंड लावून घोट घेई आणि पुढे देई. बाटली जसजशी जवळ येऊ लागली तसतशी ह्या मुलाची छाती धडधडू लागली. इतक्या तोंडांनंतर ती आपल्या तोंडाला लावावी लागणार, ह्या कल्पनेने त्याला मळमळू लागले.

हे वाचताना मी थांबलो. बंधूंनो, ही आपली गोष्ट आहे, पण उलट्या बाजूने लिहिलेली! आपण आजवर बाटली न मिळालेल्याच्या, घागर वरून ओतली गेलेल्याच्या जागी उभे राहून ही कथा सांगितली. ज्याच्या छातीत धडधड होते त्याने आपल्या छातीत काय होते हे इतक्या उघडपणे सांगितल्याची उदाहरणे किती?

त्याच्या साक्षीत एक विसंगती आहे आणि ती फार उद्बोधक आहे. ब्रह्मदेशात असताना तेथील लोकांच्या शरीराची त्याला अशी किळस वाटली नाही. तो त्यांना ‘नेटिव्ह’ म्हणून कमी लेखी, पण तेथला नोकर त्याला कपडे चढवी आणि त्याचा स्पर्श त्याला खुपत नसे. उलट गोऱ्या शिपायांच्या रांगेमागून चालताना त्यांच्या घामाच्या वासाने त्याला उलटी येईल की काय असे वाटे. घाम तर सर्वांचा सारखाच! म्हणजे नाकाला जे कळत होते ते नाकाने शोधलेले नव्हते. बालपणी कानात सांगितलेले होते. बाबासाहेबांच्या अनुयायांना हे नवीन नाही. जनावरे प्यालेल्या तळ्याचे पाणी ज्याला चालते, त्याला त्याच तळ्यावर माणूस आला की ते बाटलेले वाटते. तेथे पाण्याची परीक्षा कोणी केलेली नसते.

आणि घाणेरडेपणाचा आरोप? ऑर्वेल त्याचाही छडा लावतो. खाणीतून काळाठिक्कर होऊन आलेला मजूर घरी परातीएवढ्या भांड्यात अंग धुई. घरात नळाचे गरम पाणी नाही, न्हाणीघर नाही. सुखवस्तू लोक म्हणत, ह्यांना न्हाणीघरे दिली तरी हे वापरणार नाहीत. प्रत्यक्षात ज्या खाणींवर न्हाणीघरे बांधली गेली तेथे जवळजवळ सर्व मजूर ती वापरीत. पाणी अडवून धरणारा मनुष्य तहानेल्याला अस्वच्छ म्हणतो, हा प्रकार जगात सर्वत्र एकच आहे.

आता तारखांचा एक योगायोग पाहा. ऑर्वेल विगनहून परतला १९३६ च्या मार्चअखेर. त्याच वसंतात लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले होते आणि त्यांचे भाषण पचेना म्हणून परिषदच रद्द केली. मे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. तेच आपले ‘जातिप्रथेचे निर्मूलन’. त्यात समाजवाद्यांना उद्देशून एक प्रकरणच आहे. आर्थिक क्रांती आधी, सामाजिक सुधारणा मागून, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की, क्रांती करणार कोण? क्रांतीनंतर आपल्याला बरोबरीने वागवले जाईल अशी खात्री नसेल तर गरीब माणूस गरीब माणसाच्या खांद्याला खांदा लावील का? जातीने काम वाटून दिलेले नाही, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडून ठेवले आहे, हा त्यांचा मुद्दा होता. ऑर्वेलने बाबासाहेबांस वाचले होते असा माझा दावा नाही. दोन माणसे दोन देशांत, एकाच वर्षी, समाजवादाच्या एकाच कच्च्या जागेवर बोट ठेवतात. एक वरून खाली पाहत आलेला, दुसरा खालून वर आलेला. त्यातही खालून आलेल्याने ती जागा अधिक खोल पाहिली होती.

ती कशी, हे सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते, ज्याला कामगार साचेखाते म्हणत, ते जास्त मजुरीचे. तेथे अस्पृश्यास प्रवेश नसे. कारण? धोट्यातील बॉबिन बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार ओठ लावावयास तयार नसे. ऑर्वेलच्या बाटलीची आठवण ठेवा! फरक एवढाच की, तेथे बाटली नाकारणारा सुखवस्तू घरातला होता. येथे धोटा नाकारणारा स्वतःच उपाशी मजूर होता. मालक दोघांचा एक, चाळ दोघांची तसलीच, सावकार तोच. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने ठेवला तो ह्याकरिता. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वे कामगारांपुढे बोलताना भांडवलशाहीबरोबर ब्राह्मणशाहीही कामगाराची शत्रू आहे, असे त्यांनी सांगितले तेही ह्याकरिता.

इंग्लंडात खाणमजुराचा मुलगा शिकून, उच्चार सुधारून, चांगला सूट चढवून निघाला तर त्याच्या मागे लागलेला वास पुष्कळ अंशी मागे राहतो. आपल्याकडे? कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला अधिकारी बडोद्याच्या कचेरीत बसला, आणि तुटपुंज्या पगाराचा शिपाई त्याच्या टेबलावर दुरून फायली फेकू लागला. पगाराने अधिकारी वर, शिपाई खाली. किळस मात्र खालून वर वाहत होती. हे दृश्य मार्क्सच्या कोणत्या कोष्टकात बसवावयाचे, हे आमच्या समाजवादी मित्रांनी अद्याप सांगितलेले नाही.

ऑर्वेलचे पुस्तक ८ मार्च १९३७ रोजी बाहेर पडले. त्यानंतर नऊ दिवसांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने ठरविले. सत्याग्रह १९२७ चा, निकाल दहा वर्षांनी. तळे मोकळे झाले. पण तळ्याकाठच्या माणसांची नाके मोकळी करण्याचा हुकूम कोणते न्यायालय देणार? तो त्याच्या अधिकारक्षेत्रात नाही. येथे एक गोष्ट ओघाने सांगतो. १९५६ नंतर ३४ वर्षे केंद्राचा कायदा म्हणत राहिला की, तुम्ही बौद्ध झालात, तेव्हा अनुसूचित जातीच्या सवलती तुम्हांस लागू नाहीत. जणू दीक्षा आपण घेतल्याबरोबर गावच्या पाटलाचीही किळस गेली! १९९० च्या दुरुस्तीने ही चूक सुधारली.

ऑर्वेलचा शेवटचा मुद्दा मला सर्वांत कठीण वाटतो. तो म्हणतो, वर्गभेद नष्ट व्हावा असे आपण सर्वच म्हणतो. पण तो नष्ट होणे म्हणजे माझ्यातलाच एक भाग नष्ट होणे. माझी आवड, माझे उच्चार, माझी जेवण्याची रीत, माझा सन्मान, हे सर्व त्या भेदातूनच आलेले आहे. ती किंमत देण्याची तयारी नसेल तर कामगाराच्या सभेत जाऊन त्याच्यासारखा चहा बशीतून प्यालो तरी ते सोंगच. ह्या स्पष्टोक्तीने त्याच्याच गोटातील लोक रागावले. ‘लेफ्ट बुक क्लब’ चालविणारे प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ ह्यांनी पुस्तक छापले खरे, पण त्याच्या दुसऱ्या भागाशी मतभेद दर्शविणारी प्रस्तावना स्वतः लिहून जोडली. कम्युनिस्ट पुढारी हॅरी पॉलिट ह्यांनी तर असा आरोप केला की, कामगारांच्या अंगाला वास येतो असे ऑर्वेल म्हणतो. ऑर्वेलने त्यास हरकत घेतली: वास येतो असे मी म्हटले नाही, तसे मानावयास आम्हांस शिकविले जाते असे म्हटले. वकिलास हा फरक समजतो. पुढाऱ्यास समजू नये, किंवा समजूनही समजून घ्यावासा वाटू नये, हे दुर्दैव.

मी ऑर्वेलचा भाट नाही. समाजवाद्यांची टिंगल करताना फळांचा रस पिणारे आणि चपला घालणारे म्हणून जी यादी तो देतो ती पोरकट आहे. स्त्रियांचे घरकाम तो पाहतो, पण त्यांना बोलू देत नाही. मजूर त्याच्या पुस्तकात दिसतो पुष्कळ, बोलतो थोडे. आणि किळस कशी काढावी ह्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. भटक्यांच्या डब्यातला चहा प्याल्याने माझी गेली, एवढेच तो सांगू शकला.

उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वी भगवान बुद्धांनी संघाच्या रचनेत दिलेले आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास निघाले; बरोबर उपाली हा न्हावी होता. राजपुत्रांनीच विनंती केली की, आधी उपालीस दीक्षा द्यावी, म्हणजे तो आम्हांपेक्षा ज्येष्ठ होईल, आम्ही त्यास वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा ताठा मोडेल. तसेच झाले. हा उपदेश नव्हे, ही कार्यपद्धती आहे! किळस मनातून काढा असे सांगून ती निघत नाही. ज्याच्यापुढे वाकण्याची शरीराला सवय नाही त्याच्यापुढे शरीराला रोज वाकवावे लागते. रस्ता झाडणारा सुनीत संघात आला तेव्हाही हेच घडले. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडू येथे बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स ह्यांची तुलना केली तेव्हा दोघांचे ध्येय त्यांनी वेगळे मानले नाही, मार्ग वेगळा मानला. तो मार्ग कोठून जातो, हे मला उपालीच्या कथेत दिसते.

इतके दुसऱ्यांविषयी बोललो. आता एक कबुली देतो, कारण ऑर्वेलने स्वतःस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आणि मी न करता खाली बसलो तर ते लबाडीचे होईल.

२०१९ साली एक विधवा माझ्या कचेरीत आली. तिचा नवरा ठेकेदाराच्या सांगण्यावरून गटारात उतरला आणि आतल्या वायूने गुदमरून मेला. ती आपल्याच रक्ताची नसेल, पण आपल्याच वाटेवरची. तिच्या घराने नुकतीच दीक्षा घेतली होती. पौषाची थंडी होती. बाई स्नान करून, धुतलेले लुगडे नेसून आली होती. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि तिने नवऱ्याचे काम सांगितले. मी उठलो आणि खिडकी उघडली.

कसलाही वास नव्हता, बंधूंनो. थंडी आत येत होती, बाई पदर आवरून घेत होती, आणि मी खिडकी उघडून बसलो होतो. ती गेल्यावर कचेरीतल्या मुलाने तिचा चहाचा कप इतर कपांपासून निराळा ठेवला. मुलगा बौद्ध, मीही बौद्ध, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. मी पाहिले आणि काही बोललो नाही. पुढे सहा महिन्यांनी ऑर्वेलचे ते बाटलीचे पान वाचनात आले तेव्हा मला ती खिडकी आठवली.

त्यानंतर मी त्या मुलाशी बोललो. तो म्हणाला, “साहेब, खिडकी तुम्ही उघडलीत, म्हणून मी कप बाजूला ठेवला.” ह्यावर माझ्यापाशी युक्तिवाद नव्हता. आता माझ्या कचेरीत सर्वांचे कप मी धुतो. ह्यात फुशारकी नाही. माझ्या हातांना ते अजून जड जाते, म्हणूनच ते मी सोडलेले नाही.

आता कायदा. हाताने मैला साफ करण्याच्या कामास माणूस लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंग खटल्यात ही भरपाई तीस लाख करण्यात आली. आपल्या नात्यात, वस्तीत असा मृत्यू झाला असेल तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलिसांतील नोंद ह्यांच्या नकला ताबडतोब घ्या. ठेकेदाराने पुढे केलेल्या कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा अथवा सही करू नका. “तो स्वतःहून उतरला” असे लिहून घेण्यासाठी माणसे अंत्यविधी आटोपण्यापूर्वीच घरी येतात.

त्या बाईचे प्रकरण अद्याप निकालात निघालेले नाही. प्रत्येक खेपेस एक नवा कागद मागितला जातो, आणि ज्या कचेरीत तिला बोलावतात तेथे ती सकाळी दहा वाजता जाऊन दुपारी तीनपर्यंत बाकावर बसते. पुष्कळदा बाकावरही नाही, जिन्यावर. विगनच्या मजुरासारखीच, हक्काच्या पैशासाठी. पुढील महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिला पुन्हा बोलावले आहे. मी जाणार आहे. आपल्यापैकी ज्यांना त्या दिवशी सवड असेल त्यांनी, विशेषतः भगिनींनी, साडेनऊ वाजता विहारापाशी जमावे. घोषणा द्यावयाच्या नाहीत. तिच्या शेजारी बसावयाचे आहे. येताना चहाचा थर्मास आणि एकच पेला आणावा.

जय भीम.